मुकादम लिफ्टने जातो

मुकादम घरी आला तेव्हा अडीच महिन्यांचा होता. अंगाने बारा किलो, पण पंजे दुसऱ्या कुणाचे तरी उसने आणल्यासारखे. ताईने त्याला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "मास्तर, हे पिल्लू नाही, पार्सल आहे. उरलेला माल मागाहून येणार."

उरलेला माल आला. दर आठवड्याला दीड-दोन किलो येतच राहिला.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. सोफ्यांची आणि खुर्च्यांची कव्हरं शिवते. मी सदतीस वर्षं पहिलीचा वर्ग शिकवला. तिचे यजमान गेल्यावर आणि माझी शाळा सुटल्यावर आम्ही दोघं एकत्र राहायला लागलो, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. समोरच्या खोलीत तिचं मशीन, कापडाचे तागे आणि फोमचे तुकडे. मशीन सुरू झालं की पिल्लू समोर येऊन बसायचं आणि प्रत्येक शिवण डोळ्यांखालून घालायचं. स्वतः काडीचं काम नाही, नजर मात्र सगळीकडे. म्हणून मुकादम.

तो ग्रेट डेन. या जातीचं कुत्रं पाच महिन्यांचं असतं तेव्हा कसं दिसतं, ते पाहायला हवं. स्क्रू सैल ठेवून कुणी उंच स्टूल उभं करावं, तसं. कोपऱ्यावर वळताना पुढचे पाय वळायचे आणि मागच्या पायांना ती बातमी थोड्या वेळाने कळायची. मग सगळंच एका ढिगात खाली. बादलीत तोंड घालायचा आणि बादलीसकट बाहेर यायचा. शेपटीने चहाचे कप टेबलावरून एका फटक्यात साफ. ती शेपटी दाराच्या चौकटीवर आपटून आपटून फुटली, आणि ती हलवायची काही थांबेना, तेव्हा भिंतीवर डोक्याएवढ्या उंचीपर्यंत रक्ताचे थेंब उडाले. ताईने फोमची नळी शिवली, तिला नाडी लावली आणि शेपटीवर चढवली. तीन आठवडे तो उशी मागे लावून फिरत होता.

"आता आपट," ताई म्हणाली. "आपट किती आपटायची ती."

त्याला तपासायला येणाऱ्या डॉक्टरीणबाई मोठ्या कडक. मी प्रेमाने वाटीभर जास्त खायला घालतो आणि वर हाडांची पावडर देतो, हे कळल्यावर त्यांनी मला खुर्चीत बसवून समज दिली. "सर, याला लवकर मोठं करू नका. हाडं लांब होतायत, पण अजून कच्ची आहेत. वरून वजन वाढवलंत, उड्या मारू दिल्यात, जिना चढू-उतरू दिलात, तर सांधे जन्मभरासाठी बिघडतील. बारीक ठेवा, सावकाश वाढवा. आणि दीड वर्ष जिना बंद."

कुणी मला काय शिकवायचं ते सांगितलं की मी खूश होतो. जिना सुरू होतो तिथे मी खडूने एक रेघ ओढली. रोज सकाळी लिफ्टची वाट पाहताना मी त्याला रेघेपाशी घेऊन जायचो. तो रेघेच्या अलीकडे बसला की गाजराचा तुकडा. पाऊल पलीकडे पडलं की काहीच नाही. ओरडणं नाही, ओढणं नाही, फक्त आपण दोघं पुन्हा मागे. लहान मुलांना शिकवताना हेच करावं लागतं. चुकलं तर रागवायचं नाही, पुन्हा सुरुवातीला जायचं, शिकवणाऱ्याने कंटाळायचं नाही. सहा आठवड्यांनी मी रेघ पुसली. तरी तो तिथेच थांबायचा.

माझी चूक पुढची आहे. दीड वर्ष झालं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता हरकत नाही. मी त्याला जिन्यापाशी नेलं. तो पुसलेल्या रेघेच्या अलीकडे बसला आणि गाजरासाठी माझ्याकडे पाहू लागला. मी हसलो. मला तर अभिमानच वाटला. इतका पक्का बसलेला धडा मी सदतीस वर्षांत पाहिला नव्हता. लिफ्ट आहेच की, म्हटलं, आणि विषय सोडून दिला.

पुढे एकदा लिफ्ट दुरुस्तीसाठी तीन दिवस बंद होती. ताईचा सोफा न्यायला आलेल्या चार हमालांनी मुकादमला जाड कापडात घालून खाली नेलं. त्यांच्यातल्या म्होरक्याने विचारलं, "बाई, याला काय धरायचं? दोन सीटर की तीन?"

"दोन सीटर," ताई म्हणाली. "पाय सुटे आहेत."

मग भरभक्कम वर्षं आली आणि गेली. या कुत्र्यांच्या आयुष्यात मधला भाग फार छोटा असतो. लहानपण लांब, म्हातारपण लांब, आणि मध्ये चार वर्षं अशी की रस्त्यातून जाताना माणसं आपणहून बाजूला होतात. सातव्या वर्षी त्याची हनुवटी पांढरी झाली. आठव्या वर्षी मागच्या पायांची नखं फरशीवर घासायला लागली. तो दुसऱ्या खोलीतून येतोय हे त्या खर्रखर्र आवाजावरून कळायचं. ताईने कोपरांना घट्टे पडू नयेत म्हणून त्याच्यासाठी पाच इंची फोमची गादी केली. नऊ पूर्ण झाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्याचे पाय वाकवून, दाबून पाहिले. मी त्यांना सरळ विचारलं, वेळ झाली का.

"खातोय?"

"ताट चाटून सरकवतो."

"तुम्हाला ओळखतोय, शेपटी हलवतोय, गोळीने दुखणं आटोक्यात आहे. पाय दमलेत सर, जीव दमलेला नाही. उठेनासा झाला की मला बोलवा. मी येईन. पण ते आज नाही."

हे आम्ही धरून होतो. त्याच महिन्यात तो प्रकार घडला.

सकाळची वेळ. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबली, कुणीच आत आलं नाही, उशीर झाला, आणि मुकादमचा धीर सुटला. लिफ्टमध्ये तळं झालं. त्याने मान खाली घातली, इतकी खाली की नाक त्याच ओल्यात टेकलं. मी तीनदा फिनेलने पुसलं. तरी दुसऱ्या दिवशी खालच्या फलकावर कागद लागला: येत्या सोमवारपासून कोणताही पाळीव प्राणी लिफ्टमधून नेता येणार नाही. जिन्याचा वापर करावा.

आमच्या इमारतीत पाळीव प्राणी तीन. एक मांजर, जी खिडकीबाहेर कधी गेलेली नाही. एक पोपट. आणि मुकादम.

"कोणताही," ताईने मोठ्याने वाचलं. "नाव घालायला लाज वाटली वाटतं."

सेक्रेटरी दुसऱ्या मजल्यावर राहतात. माणूस वाईट नाही, कामाचा आहे. पाण्याची टाकी त्यांच्यामुळेच वेळेवर साफ होते. ते मला म्हणाले, "सर, तक्रारी आल्या. मी तरी काय करणार? शहराबाहेर एक जागा आहे, मोकळी हवा आहे. नाहीतर डॉक्टरकडून… म्हणजे सुटेल बिचारा."

"बिचारा कोण?" ताईने विचारलं. ती माझ्या मागे कधी येऊन उभी राहिली ते मला कळलं नव्हतं. "त्याने तुमच्याकडे अर्ज केलाय का सुटायचा?"

"ताई, नियम सगळ्यांना सारखा असतो."

"मग पोपटाला काढा जिन्याने."

मी ताईला घरात घेऊन आलो. खरं सांगायचं तर मला तिचाच राग आला होता. शाळेत आलेल्या प्रत्येक परिपत्रकावर मी तारीख घालून सही केली आहे. कागदावर लिहिलेलं मोडायचं कसं असतं, ते मला ठाऊकच नाही. मी म्हणालो, "जिना म्हणतायत ना, जिन्याने नेऊ. मी शिकवीन त्याला."

"नऊ वर्षांच्या म्हाताऱ्याला?"

"आठवडा आहे."

ताईने खाटेची नवार काढली, दोन पट्ट्या मापून कापल्या, मध्ये फोम घातला आणि मागच्या पायांच्या पुढे, पोटाखालून जाईल असा झोळा शिवला. वर दोन मुठी. मुठी धरून उचललं की मागचा अर्धा मुकादम आपल्या हातात. पुढचा अर्धा त्याचा त्याने चालवायचा.

जिना चौपन्न पायऱ्यांचा. पायऱ्यांना मी सतरंजीचे तुकडे चिकटवले, म्हणजे नखं घसरणार नाहीत. त्या आठवड्यात लिफ्ट अजून चालत होती, म्हणून आम्ही खाली जाऊन तळाच्या एकाच पायरीपासून सुरुवात केली. चढायला आणि उतरायला सर्वांत खालची पायरी सोपी. पडलं तरी जमीन जवळ असते.

मुकादम पायरीसमोर आला. बसला. माझ्याकडे पाहिलं.

त्याला गाजर हवं होतं. पायरीला पाय न लावल्याबद्दल. त्याचा धडा अगदी बरोबर होता.

मला त्या वेळी जे झालं ते मी ताईलाही बोललो नाही. पहिलीतल्या मुलाला दुसरीत गेल्यावर आपण कधी सांगत नाही की मागच्या वर्षी शिकवलं ते चूक होतं. आपण म्हणतो, आता तू मोठा झालास, आता पुढचा धडा. पण हा मोठा होऊन म्हातारा झाला होता आणि मी पुढचा धडा दिलाच नव्हता. मी पायरीवर बसलो. अडुसष्टाव्या वर्षी, बूड टेकून, एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर, लहान मूल उतरतं तसा सरकत खाली आलो. पुन्हा वर गेलो. पुन्हा सरकलो.

ताई म्हणाली, "त्याला शिकवतोयस की तू विसरलायस?"

पाचव्यांदा सरकलो तेव्हा मुकादमने एक पंजा उचलून माझ्या शेजारी, सतरंजीवर ठेवला. आणि लगेच माझ्या तोंडाकडे पाहिलं, की आता हा रागावणार. मी त्याला अख्खं गाजर दिलं.

शनिवारपर्यंत नऊ पायऱ्या झाल्या. रविवारी सत्तावीस. सोमवारी सकाळी साडेआठला आम्ही आमच्या दारातून निघालो: पुढे मी, मध्ये मुकादम, मागे झोळ्याच्या मुठी धरून ताई. उतरायला पंधरा मिनिटं लागली. साडेआठ ही काही मुद्दाम निवडलेली वेळ नव्हती. त्याची बाहेर जायची वेळ नऊ वर्षं तीच होती. पण सेक्रेटरींचीही बस त्याच सुमाराला. लिफ्ट न वापरता जिना उतरणं हा त्यांचा व्यायाम.

"जरा बाजूला घ्या," ते मागून म्हणाले.

"बाजूला होत नाही तो," ताई म्हणाली. "मोठी गाडी आहे. वळायला जागा लागते."

"मला उशीर होतोय."

"मग लिफ्टने जा. तुम्हाला चालते."

त्यांच्यामागे शाळेला निघालेली वरच्या मजल्यावरची पोरं साठली होती. त्यांनी मोजायला सुरुवात केली. प्रत्येक पायरीला एक आकडा, सगळी मिळून, जिन्यात घुमेल असं. चाळिसाव्या पायरीला मुकादम थांबला तेव्हा तीही थांबली. एकचाळीसला त्यांनी जी आरोळी ठोकली, ती ऐकून मला माझा वर्ग आठवला.

मंगळवार असाच गेला. बुधवारही. लोक हसत होते, कुणी दार उघडून "आले का मुकादम?" विचारत होते. मला वाटू लागलं की झालं, जमलं. नियम पाळला आणि कुत्रंही राहिलं. मी ताईला तसं म्हणालोसुद्धा.

"तू त्याच्या पुढे असतोस," ती म्हणाली. "मागून काय दिसतं ते तुला दिसत नाही."

गुरुवारी मला ते दिसलं. उतरताना ठीक होता. परत येताना पहिला मजला चढला, दुसऱ्या मजल्याच्या शेवटच्या चार पायऱ्या ताईने जवळजवळ उचलूनच चढवल्या, आणि सेक्रेटरींच्या दारासमोरच्या मोकळ्या जागेत मुकादम आडवा झाला. मी गाजर दाखवलं. त्याने गाजराकडे पाहिलं, मग पुढच्या पायऱ्यांकडे पाहिलं आणि पुढचे दोन पाय ताणून उठायचा प्रयत्न केला. मागचे पाय उठले नाहीत, नुसते थरथरले. त्याने पुन्हा प्रयत्न केला. माझ्याकडे बघत. मी पुढच्या चार पायऱ्या चढून वर उभा होतो ना, म्हणून. शिकवणारा वर उभा आहे म्हणून तो तिसऱ्यांदा, चौथ्यांदा प्रयत्न करत होता, आणि त्याचं पोट भात्यासारखं हलत होतं.

मी त्या चार पायऱ्या उतरून त्याच्याजवळ जमिनीवर बसलो. "पुरे," म्हटलं. "पुरे, बाळा. सुट्टी."

ताई झोळ्याच्या मुठी हातात धरून भिंतीला टेकली होती. तिचे दोन्ही तळवे लाल झाले होते. बहात्तर वर्षांची आहे ती. चार दिवस ती हातांबद्दल एक शब्द बोलली नव्हती.

दार उघडलं. सेक्रेटरी बाहेर आले, त्या दिवशी उशीर झालेला, हातात डबा, पायात एकच बूट. त्यांनी आम्हा तिघांना पाहिलं आणि दुसरा बूट घालायचं विसरले.

"अरेरे," ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. मग इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "सर, असं करा. सकाळी सहाच्या आत न्या लिफ्टने. आणि रात्री सगळे झोपल्यावर. कुणी नसतं. मी पाहिलंच नाही असं समजतो. कागद राहू दे फलकावर, तुमचंही काम होईल."

मी कबूल करतो, माझ्या तोंडात "उपकार झाले" हे शब्द येऊन पोचले होते. इतकी वर्षं मी असेच शब्द वापरत आलो. त्याच्या पायांचा प्रश्न सुटत होता. कागदही मोडत नव्हता. मी ताईकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहतच नव्हती. ती मुकादमच्या पोटाखालचा झोळा सोडवत होती, जणू माझं उत्तर तिला माहीत होतं आणि ऐकायचं नव्हतं.

मुकादमने मान उचलून सेक्रेटरींच्या बूट नसलेल्या पायाचा वास घेतला आणि शेपटी फरशीवर दोनदा आपटली. नऊ वर्षं तो या माणसाला असाच भेटत आला होता. भर सकाळी, सगळ्यांदेखत.

"नको," मी म्हणालो.

"काय?"

"चोरून नको. त्याने काही केलेलं नाही. म्हातारा झालाय, एवढंच."

"सर, मी तुमच्या सोयीसाठी…"

"सोय तुमची आहे. तो साडेआठला उठतो, साडेआठला त्याला जावं लागतं. सहाला मी उठवायचं त्याला, त्या पायांवर? आणि रात्री सगळे झोपेपर्यंत त्याने धरून ठेवायचं? तुम्हाला तो दिसू नये म्हणून?"

"तळं झालं होतं, विसरलात का?"

"मी पुसलं होतं. पुन्हा झालं तर पुन्हा पुसेन."

ताई झोळा गुंडाळत म्हणाली, "परवा जोरात खोकला आला तेव्हा मास्तरांचंही थोडं तसंच झालं. त्यांना कितीला आणायचं लिफ्टमध्ये?"

"ताई!" मी आणि सेक्रेटरी एकदमच म्हणालो.

"बोललं की लागतं. फलकावर लावलं की नियम."

सेक्रेटरी लाल झाले. मीही झालो असणार. पण मला आत कुठेतरी हलकं वाटलं. ते खरंच होतं, आणि आता सांगून झालं होतं. मी उठलो आणि लिफ्टचं बटण दाबलं. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. सगळ्या इमारतीची धावपळीची वेळ.

"सर, मला हे लिहावं लागेल," सेक्रेटरी म्हणाले. "दंड होईल. मग मला म्हणू नका."

"लिहा. दोन माणसं, एक कुत्रा, वर चालले. आणि पाहिलं नाही असं समजू नका. बघा. नीट बघा."

लिफ्ट आली. आत पाचव्या मजल्यावरच्या बाई होत्या, खाली काहीतरी विसरून परत वर निघालेल्या, आणि एक पाण्याचे जार पोचवणारा माणूस. मुकादम सपाट जमीन पाहून माझ्या आणि ताईच्या आधाराने उठला. चार पावलं खर्रखर्र चालत गेला. जारवाला मागे सरकला. पाचव्या मजल्यावरच्या बाईंनी नाकाला पदर लावला, हे मी लपवणार नाही. सगळ्यांना तो आवडावा असं माझं म्हणणं नव्हतं आणि नाही. पण त्यांनी दुसऱ्या हाताने दार धरून ठेवलं होतं, कारण मुकादमची शेपटी अजून बाहेर होती.

"या लवकर," त्या म्हणाल्या. "सगळा आला का?"

"राहिलेला येतोय," ताई म्हणाली.

दार मिटेपर्यंत सेक्रेटरी तिथेच उभे होते. एका पायात बूट. बघत होते.

दंडाचा कागद दोन दिवसांनी आला. मी त्यावर तारीख घातली आणि खाली लिहिलं, "मान्य नाही." सही केली. माझं अक्षर शाळेत सगळ्यांत चांगलं होतं. मग एक कोरा कागद घेतला आणि फलकावर, त्यांच्या नोटिशीशेजारी माझी नोटीस लावली, चार टाचण्या मारून:

मुकादम, वय नऊ, तिसरा मजला, रोज सकाळी साडेआठ, दुपारी दोन आणि संध्याकाळी सहा वाजता लिफ्टने जातो व येतो. मागचे पाय दुखतात, त्यामुळे आत शिरायला वेळ लागतो. ज्यांना सोबत यायचं नसेल त्यांनी दोन मिनिटं थांबावं. ज्यांना यायचं असेल त्यांनी शेपटी सांभाळावी.

दोनदा कुणीतरी तो कागद फाडला. मी दोनदा पुन्हा लिहिला. लिहिण्याचा मला कंटाळा नाही. पहिलीच्या मुलांना एकेक अक्षर हजारदा काढून दाखवलेलं आहे. आज सकाळी सव्वाआठला तो नवा, तिसरा कागद लावून मी तिसऱ्या मजल्यावर लिफ्टमधून उतरत होतो, तेव्हा घरातून ताईची हाक आली.

"मास्तर, उठला रे तो! चल, लिफ्ट अडवून ठेव!"

मी लिफ्टच्या दारात पाय घातला आणि तसाच उभा राहिलो. आतून कुणीतरी "ओ, चला की" म्हणालं.

"थांबा," मी म्हणालो. "आमचा माणूस यायचाय."